शेंदराखालचा हत्ती

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. दगडाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण घाटकोपरच्या एका दुमजली कौलारू घराच्या भिंतीत मी साठ वर्षं बसलो आहे आणि त्यातली बरीचशी घाबरूनच काढली आहेत.

माझा जन्म मालाडच्या खाणीतला. धाकू नावाच्या पाथरवटाने एकाच शिळेचे दोन तुकडे करून आम्हा दोघा भावांना घडवलं. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद. दोघांवरही हत्तीचं डोकं, वर उचललेली सोंड आणि सोंडेच्या टोकाला कमळाची कळी. दाराच्या दोन बाजूंना आम्हाला असं बसवलं की आम्ही एकमेकांकडे बघत राहू. शोभा आणणं, एवढंच आमचं काम. येणारेजाणारे थांबून बघायचे. पोरं टाचा उंच करून सोंडेला हात लावायची आणि मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटायचं.

पुढे घरमालकाने खोल्या भाड्याने दिल्या. त्र्याहत्तर साली डाव्या अंगाला पिठाची चक्की आली आणि तिच्या शटरसाठी भिंत फोडली. माझ्या डोळ्यांदेखत भावाच्या पाठीमागे पहार घुसली. तो पालथा पडला, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा तो तिथे नव्हता. तेव्हापासून पहारीचा खणखणाट ऐकला की मला तीच धूळ दिसते.

तीन वर्षांनी खालच्या खोलीत दत्ताराम आणि प्रेमा राहायला आले. दत्ताराम कापडगिरणीत कामाला होता. प्रेमा मालवणकडच्या गावातून पहिल्यांदाच मुंबईत आलेली. नवरा पाळीवर गेला की ती दारात उभी राहायची. घाबरलेली माणसं मला लगेच ओळखू येतात. एका मंगळवारी तिने माझ्याकडे नीट पाहिलं. समोरचा हत्ती गेल्यामुळे मी एकटा, वर सोंड. तिने हात जोडले. दुसऱ्या दिवशी वाटीत शेंदूर आणि तेल घेऊन आली आणि मला गणपती करून टाकलं.

आता खरं सांगतो. मी गणपती नव्हतो आणि ते मला ठाऊक होतं. पण दर मंगळवारी जास्वंद, चतुर्थीला दिवा आणि मोदक, कोणाला आवडणार नाही? शेंदराचे थर चढत गेले. माझे डोळे बुजले, सोंडेतलं कमळ गोल होऊन मोदकासारखं दिसू लागलं. शेंदराच्या फटीतून मला समोरचं तेवढं दिसायचं. ऐकू मात्र सगळं यायचं. घरामागच्या नळावर शेवंतीमावशी रोज चाळीतल्या लोकांचं धुणं आपटायची, ते धपाधप, धपाधप मला ऐकू यायचं. आणि मनात एकच धाकधूक, हे सोंग एक दिवस उघडं पडणार.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दत्ताराम घरी बसला. वर्ष गेलं तरी भोंगा वाजेना. रिकामा माणूस घरात ठोकाठोकी काढतो, तसं त्याचं चाललं होतं. एक दिवस कपडे वाळत घालायची तार बांधायला तो माझ्या डोक्याच्या वर भिंतीत खिळा मारत होता. हातोडा निसटला तो थेट सोंडेवर. सोंडेचं टोक मोदकासकट खाली पडलं.

दत्तारामचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने इकडेतिकडे बघितलं, चिमूटभर सिमेंट कालवून तुकडा चिकटवला, वरून शेंदूर फासला. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "देवा, माका माफ कर. कोणाक सांगू नको हां."

मी कोणाला सांगणार? आम्ही दोघंही महिनाभर घाबरून होतो. तो माझ्याकडे न बघता, खाली मान घालून घरात शिरायचा. प्रेमा विचारायची, "तुमका झाला तरी काय?" तो तारेचा पीळ घट्ट करत बसायचा.

संकष्टीच्या संध्याकाळी प्रेमा मला तेल चोळत होती. तिच्या हातात तुकडा सुटून आला. तिने अशी किंकाळी फोडली की चक्कीवाल्याने चक्की बंद केली. शेवंतीमावशी ओल्या हातांनी धावत आली.

"अगं बाई! देव भंगला! भंगलेला देव दारात ठेवू नये, प्रेमा. घराची वाट लागते. पवईच्या तलावात सोडून दे, उद्याच्या उद्या."

प्रेमा रडत होती. "म्हणान संप मिटत नाय. देव रागावलो आमच्यार."

तिचं रडणं ऐकून मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. तलाव! तळाचा काळा चिखल, अंगावर शेवाळ, आणि वर कोणाला पत्तासुद्धा नाही की खाली एका दगडावर धाकूने महिनाभर राबून हत्ती कोरला आहे. ओरडावंसं वाटत होतं, मी देव नाही, मला बुडवू नका! पण दगडाला तोंड कोरता येतं, आवाज कोरता येत नाही.

सकाळी लवू हातगाडीवाला आला, पहार घेऊनच. ती माझ्या पाठीमागे घुसली तेव्हा मला भाऊ आठवला. लवू आणि दत्तारामने मला ओढून ओट्यावर ठेवलं. पण दारापुढे उघडं गटार, हातगाडी अलीकडे येईना.

"मावशी, गटारावर टाकायला एखादी फरशी आहे काय? चाक जाईल एवढी," लवू म्हणाला.

"माझा धुण्याचा दगड घे. पण परत लावून दे रे, मला दुपारी धुणं आहे."

दोघं मागे गेले. पहारीचा आवाज आला आणि दगड उचलून पुढे आणला. गटारावर टाकण्यापूर्वी लवूने तो उभा केला. खालच्या बाजूचा चिखल गळून पडला, आणि लवू थबकला. त्याने पायाजवळची पाण्याची बादली त्यावर ओतली.

हत्ती! तीच उचललेली सोंड, तीच कमळाची कळी. धाकूच्या छिन्नीची रेघ न् रेघ शाबूत. माझा भाऊ, मित्रांनो! भिंत फोडणाऱ्यांनी त्याला उचलून मागे नळापाशी पालथा घातला असणार. दहा वर्षं तो घरामागेच होता, तोंड मातीत आणि पाठीवर धुणं. ते धपाधप त्याच्याच पाठीवर चाललं होतं आणि मी पुढच्या दारी मोदक खात होतो.

शेवंतीमावशीने गालांवर मारून घेतलं. "म्हणजे दहा वर्षं मी देवावर धुणं आपटलं?"

"देव कसला मावशी," लवू म्हणाला. "जोडी आहे ती. दाराचे हत्ती. जुन्या घरांना असतात ना."

प्रेमा आत गेली. उलथनं आणि तो तुटलेला तुकडा घेऊन आली. ओट्यावर बसून तिने तुकड्यावरचा शेंदूर खरवडला. एक पाकळी दिसली, मग दुसरी.

"मोदक नाय हा. कमळ," ती हळूच म्हणाली.

तेव्हा दत्तारामला कंठ फुटला. "माझ्याच हातान मोडला गो. हातोडो निसाटलो. देव बीव काय रागावूक नाय."

प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला होता, हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. "महिनोभर एकटेच भियात रवलात? माका सांगूक काय झाला होता?"

लवू रिकामी गाडी घेऊन गेला. दत्तारामने भावाला शटर आणि दार यांच्यामधल्या जागेत बसवलं, मला माझ्या जागी. शेवंतीमावशीने दुसरा दगड शोधला, तोही चारही बाजूंनी बघून घेतला. प्रेमाने आठवडाभर खरवडून माझे डोळे मोकळे केले. भावाचा चेहरा मात्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगला राहिला आहे. तेलाशेंदराने माझं अंग खडबडीत झालं आणि सोंड थोटी ती थोटीच.

संप काही मिटला नाही. पण दत्ताराम आता मान वर करून घरात शिरतो. मंगळवारी प्रेमा सवयीने दारात येते. हातात फूल नसतं, कोरडं फडकं असतं. आधी भावाला पुसते, मग मला. आता ही घरं पाडून इमारत उठणार असं लोक बोलतात आणि मला परत धडकी भरते.

म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. जुन्या घराचा एखादा दगड तुमच्या हाती आला, तर त्याच्यापुढे हात जोडण्याआधी किंवा त्याच्यावर धुणं आपटण्याआधी तो एकदा उलटून बघा. खाली कोणीतरी मातीत तोंड खुपसून तुमची वाट बघत असेल.