मधली लादी

"नववा राहिला, बाबा. पुन्हा."

सूनबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. नळ सोडलेला असला तरी माझा चुकलेला सूर तिला बरोबर ऐकू येतो. मी मुकाट्याने पहिल्यापासून निघालो. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि वर जाऊन नववा. गिटारवर एकेक सूर सुटा छेडायचा, याला ती अर्पेजिओ म्हणते. सातव्यापर्यंत कोणीही जाईल, नवव्याला करंगळी ताणावी लागते. चाळीस वर्षं लाद्या बसवून माझी करंगळी लाकूड झालेली, पण सहा महिन्यांत तिला वठणीवर आणली. लादीकामात माझा हात कोणी धरू शकलं नाही, मग इथे मी मागे राहतो की काय.

गिटार ही तिचीच कल्पना. गुडघ्यांपायी काम सुटलं आणि मी दिवसभर तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागलो. तेव्हा तिने स्वतःची जुनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "आता हिच्याशी भांडा," म्हणाली.

घरात आम्ही दोघंच. चिरंजीव दुसऱ्या शहरात नोकरीला. तिथल्या एका शाळेत संगीताच्या बाईंची जागा होती. ती मिळाली की सूनबाई नवऱ्याजवळ जाणार. दोनदा परीक्षेला बसली, दोनदा नापास. तीनच वेळा बसू देतात.

तिचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. परीक्षक म्हणायचे, पाचव्या सुरापासून सुरू करा. हिची बोटं आधी पहिल्याकडे धावायची, तिथून चढून पाचव्यावर यायची, तोवर सगळा गोंधळ.

खरं सांगतो, दुसऱ्या वेळी ती डोळे पुसत घरात आली तेव्हा माझ्या मनात आलं, चला, इथेच राहिली. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की दोन दिवस तिच्याकडे नीट बघता आलं नाही.

तिसऱ्या परीक्षेला चार दिवस उरले. ती खोलीत बसून तोच पाचवा सूर धरत होती आणि सोडत होती. मी दारात उभा राहिलो.

"सूनबाई, ही फरशी मी बसवली. पहिली लादी कुठली, सांग."

तिने दाराजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं. सगळे तेच दाखवतात.

"चूक. भिंती कधी सरळ नसतात. कोपऱ्यातून निघालं की तिथला वाकडेपणा खोलीभर पसरतो. मधोमध दोरी ताणायची, पहिली लादी तिथे. मग चारी बाजूंना जायचं."

"बाबा, परीक्षा चार दिवसांवर आलीय आणि तुम्हाला लाद्या सुचतायत?"

"तू रोज कोपऱ्यातून निघतेस, म्हणून सुचतायत."

खिशात खडू होताच, तो सवयीने असतोच. ती हां हां म्हणेपर्यंत मी तिच्या नव्या गिटारच्या दांडीवर ठिपके दिले. त्या पाच सुरांची खालपासून वरपर्यंत जेवढी ठिकाणं, तेवढी सगळी पांढरी केली.

"हे बघ, दांडीभर पसरलेत. कुठेही बोट ठेव, पुढचा शेजारीच आहे. पहिल्याला विचारायला जायचं कशाला?"

तिने ठिपके खालून वरपर्यंत एकेक करून मोजले. मग तिने पाचव्यावर बोट ठेवलं. सातवा, नववा, तिथून खाली तिसरा आणि अगदी शेवटी पहिला. कुठे अडखळली नाही.

चार दिवस स्वयंपाक मी केला. ती तक्रार न करता जेवली, यावरून तिचं लक्ष कुठे होतं ते कळावं.

ती पास झाली. होणारच होती. मी बसवलेली लादी आजवर एकदाही उचकटलेली नाही.

सामान टेम्पोत चढलं तशी ती म्हणाली, "तुम्हीही चला ना, बाबा."

"माझा नववा अजून कच्चा आहे. पक्का झाला की येतो."

तो केव्हाच पक्का झाला होता, आणि हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? जुनी गिटार तेवढी तिने भिंतीला टेकवून ठेवली.

आज तिची खोली झाडून काढली. पलंग गेला, कपाट गेलं, त्यामुळे फरशी एकदाची सगळी दिसली. वळचणीला पडलेली माझी खुर्ची ओढत आत आणली, मधोमध पहिल्या लादीवर मांडली, जुनी गिटार मांडीवर घेतली आणि पाचव्यापासून सुरू केलं.