तबकडीखालची गादी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी साक्रीहून झिपरूची बैलगाडी धुळ्यात आली आणि पितांबरच्या दारात थांबली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. गल्लीत घरोघरी कुणाची ना कुणाची लेक उतरत होती. पितांबरच्या दारात ग्रामोफोनची पेटी उतरली, आणि तिच्यामागून एक गाठोडं.

“आबा, मगनभाऊनी धाडेल शे,” झिपरू पेटी ओट्यावर ठेवत म्हणाला. “पेटीनं नशीब दखा, ती पेंढावर बशीसन उनी आनि मी दांडीवर!”

तो एकटाच हसला. मग आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे ध्यानात येऊन त्याने डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

“मगन कसा शे?” पितांबरने जावयाची चौकशी केली.

“बरा शे. उद्या लगीन शे ना तेस्नं. नवरीना मानसे म्हनेत, पहिलीनी वस्तू घरमा नको.”

“हां,” पितांबर म्हणाला, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेला.

त्याची लेक कुंदा कार्तिकात गेली होती, बाळंतपणात, पोटातल्या बाळासकट. तेव्हापासून पितांबर रोज जिनात जाई, कापसाच्या गाड्या काट्यावर तोली आणि घरी येई. लोक म्हणत, माणूस धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढून पाहावा आणि काही कळू नये, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

गाठोडं कुंदाच्या आईने, सुंदरबाईने, सोडलं. कुंदाची लुगडी निघाली, दोन विकतची झबली निघाली, आणि तळाशी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची दाट टाक्यांनी शिवलेली एक गोल, जाड गोधडी निघाली. थाळीएवढी, मधोमध लहानसं भोक.

“बाळनी उशी,” सुंदरबाई म्हणाली. “दखा, टाळूले हवा लागाले भोक बी ठेवेल शे. आपलीआपली शिवी तिनी. माले सांगं बी नही.”

तिने ती मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, “उद्या तिनी घागर मगनच भरी ना?”

“तोच भरी.” गेलेल्याच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात. दिल्या घरची लेक, तेव्हा तो मान सासरचाच.

“मंग आपला घरमा काहीच नही. उद्या बठ्ठ्यास्न्या पोरी झोका खेळतीन, गातीन.” ती पेटीकडे पाहू लागली. “तिना आवडनी तबकडी तेवढी लावा. एक डाव. तिना घरमा वाजे, तशीच.”

सहा महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. पितांबर पेटी उघडून बसला. तबकडी झाकणाच्या कप्प्यातच होती.

ही पेटी त्याने जळगावच्या एका सराफाकडून जुनी घेतली होती आणि कुंदाच्या लग्नात दिली होती. तेव्हा पुस्तिका पुढ्यात धरून त्यानेच ती जुळवली होती, आणि चुकेल चुकेल म्हणून प्रत्येक स्क्रू पुन्हा पुन्हा पाहिला होता. कुंदा शेजारी बसून हसत होती. “आबा, तुम्ही तं कापूस तोली ऱ्हायनात!”

आता पेटीचा हात, म्हणजे तबकडीवर सुई धरणारी नळी, आणि तिच्या टोकाचा साउंडबॉक्स काढून फडक्यात बांधून आले होते. साउंडबॉक्समधला अभ्रकाचा पडदा धड होता. सुईच्या जागी बाभळीचा काटा होता, टोक नीट तासलेला. लढाईमुळे सुया मिळेनाशा झाल्या होत्या. पोरीने आपली सोय केली होती. काट्याला त्याने हात लावला नाही. पण हाताच्या बैठकीखाली चामड्याच्या दोन जाड चकत्या चिकटवलेल्या दिसल्या. त्या त्याने घातलेल्या नव्हत्या.

त्याने हात बसवला, साउंडबॉक्स खोचला, चावी दिली. फिरत्या थाळीवरचं हिरवं कापड कसरीने खाल्लं होतं, नुसता पत्रा उरला होता. तबकडी ठेवली तर खाली थाळी गरगर फिरे आणि तबकडी जागच्या जागी घसरे. काटा खाली सोडला तर तो तबकडीपर्यंत पोचेचना. हात बोटभर उंच होता.

चकत्या काढल्या असत्या तर हात खाली आला असता. एखादं फडकं अंथरलं की काम भागलं असतं. पण मग तो हात पितांबरने बसवलेला झाला असता. सुंदरबाईला कुंदाने बसवलेला हवा होता, आणि खरं तर त्यालाही. थाळीवर तिने बोटभर जाड काहीतरी घातलं असणार, गोल, मध्ये थाळीच्या खुंटीपुरतं भोक असलेलं.

त्याने मान वर केली. सुंदरबाईच्या मांडीवर ते होतं.

असेलही उशीच, त्याने मनाशी म्हटलं. आपल्याला काय कळतं? सुंदरबाई ती बाजूला ठेवून चुलीकडे गेली तेव्हा त्याने गादी हळूच उचलून थाळीवर ठेवली. भोक खुंटीवर अलगद बसलं. वर तबकडी ठेवली, आणि काटा तिला टेकला. त्याने लगेच सगळं काढलं आणि गादी होती तशी जागेवर ठेवली.

ही थाळीवरची गादी आहे असं सांगितलं असतं तर पेटी वाजली असती, आणि बाळासाठी कुणी काहीच शिवलं नव्हतं असं झालं असतं. काही वाटतंय का ते त्याने पाहिलं. फारसं काही वाटलं नाही. त्याने भिंतीच्या खुंटीवरची आपली गोल काळी बनातीची टोपी घेतली, परसात नेली आणि कात्रीने कापली. वरची चकती, तिच्याखाली काठाच्या पट्ट्या, शिवण वेडीवाकडी. मध्ये दाभणाने भोक पाडलं.

आखाजीच्या दुपारी लिंबाखाली पोरी झोक्यावर गात असताना त्याने तबकडी लावली. थाळी फिरली, तबकडी फिरली. बाभळीच्या काट्याचा आवाज मऊ येतो, घोंगडीतून आल्यासारखा. कुंदाच्या घरात असाच येत असणार. गाणं संपेपर्यंत दोघं बसून राहिली.

तबकडी उचलताना खालची काळी चकती उघडी पडली. सुंदरबाईने ती पाहिली, तिच्यातलं भोक पाहिलं. मग मांडीवरच्या गादीकडे पाहिलं. तिचा अंगठा त्या भोकावर जाऊन तिथेच थांबला. पितांबर चावी पुसत राहिला.

ती उठली. गादी झबल्यांच्या खाली ठेवून तिने ट्रंक लावली.

“दोन्ही झबलास्ना खाले उशी ठेवेल शे,” ती म्हणाली. “कोनी काढू नका.”

“नही काढाऊत.”

“आनि बजारमाईन नवी टोपी लई या. उघडा डोकानं जिनमा जाशात का?”