वन्संची साफसफाई

वहिनीच्या पाट्यांच्या दुकानात कॉम्प्युटर एक आणि त्याला धनिणी दोन. सकाळपासून दुपारपर्यंत तो वहिनीचा. विंडोजवर ती अक्षरं जुळवायची आणि शेजारचं मशीन रंगीत स्टिकरमधून ती कापून द्यायचं. शाळा सुटली की तो नणंदेचा. नणंद गणिताची शिक्षिका. तिनं त्याच डिस्कवर स्वतःसाठी लिनक्स बसवलं होतं आणि तेव्हापासून तिचा आवाज जरा वरच्या पट्टीतच लागायचा. कॉम्प्युटर सुरू केला की आधी एक यादी यायची, कुठल्या सिस्टिममध्ये जायचं ते विचारणारी. नणंदेला ती यादी म्हणजे आपल्या हुशारीचं प्रशस्तिपत्रक वाटे. वहिनीला वाटे, आपल्याच दुकानात शिरायला रोज परवानगी कसली मागायची?

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. दहाच्या सुमाराला वहिनीचा फोन आला.

"वन्सं, जरा येता का? तुमची यादी हरवली."

एरवी वहिनी तिला नावानं हाक मारायची. 'वन्सं' आणि 'तुम्ही' हे ठेवणीतले शब्द. ते बाहेर निघाले की आपली फिरकी घेतली जाणार, हे नणंदेला पाठ होतं. चहा अर्धा टाकून ती निघाली.

पडदा काळा ठिक्कर. त्यावर पांढऱ्या अक्षरात एवढंच, की असा कप्पा डिस्कवर नाही, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' म्हणून एक लुकलुकती खूण. ना विंडोज, ना लिनक्स. संध्याकाळी चारला एक दातांचे डॉक्टर पाटी न्यायला येणार होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा दवाखाना उघडणार होता. पाटी तयार होती, पण कोरी. वहिनी म्हणाली, तशीच देऊ, पांढरीशुभ्र आहे, दातांच्या डॉक्टरला शोभून दिसेल.

नणंद खुर्ची ओढून बसली आणि बसल्या बसल्या तिनं निकालही देऊन टाकला. वहिनीच्या सिस्टिमनं रात्री काहीतरी अपडेट घेतलं असणार आणि जाता जाता ग्रबला लाथ मारली असणार. ग्रब म्हणजे सुरुवातीची ती यादी दाखवणारा छोटासा प्रोग्रॅम, बूटलोडर. तो अडला की मागच्या दोन्ही सिस्टिम अडल्या. हे तिनं वर्गात सांगावं तसं सांगितलं. वहिनीनं शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावली आणि विचारलं, की मग आता उत्तर काढायचं का?

नणंदेनं डिस्कवरचे कप्पे मागवले. पडद्यावर तीन आकडे आले. एक, पाच, सहा. मधले आकडे या डिस्कवर मुळातच नव्हते, पण सात हवा होता. तिनं पुन्हा मागवले. पुन्हा तेच.

तिचं लिनक्स सातव्या कप्प्यात होतं. दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मुलांसाठी केलेली कोडी, सगळं त्यात.

"गेलं, वहिनी," ती म्हणाली. "सातवा कप्पाच पुसला गेलाय."

तिचा चेहरा पाहून वहिनीनं थट्टा बाजूला ठेवली, स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसली. एकमध्ये काय आहे, तिनं विचारलं. तुझं विंडोज, नणंद म्हणाली. सहामध्ये? तुझे फॉन्ट आणि पाट्यांचे नमुने. आणि पाचमध्ये? पाचमध्ये काही नाही, सुरुवातीला करून पाहिलेली एक जुनी सिस्टिम, नुसती अडगळ.

"ती अडगळ तर तू काल काढलीस ना?" वहिनी म्हणाली. "मी गल्ला बंद करत होते तेव्हा मला म्हणालीस, साफसफाई चाललीय."

नणंदेचा हात जागच्या जागी थांबला.

वहिनी सांगत राहिली. कोपऱ्यावरच्या इमारतीत पाच नंबरचा गाळा मोडून जिना केला, तेव्हा पुढच्या सगळ्यांचे नंबर एकेक खाली सरकले. पाट्या तिनंच कापल्या होत्या. माणसं होती तिथंच, पण पत्रं आणणारा महिनाभर सात नंबर शोधत फिरत होता.

नणंदेनं सहाव्या कप्प्यात डोकावून पाहिलं. तिच्या फाइलींची नावं भराभर पडद्यावर उतरली, एकूण एक. तिनं ग्रबला सांगितलं, बाबा रे, तुझं सामान सातमध्ये नाही, सहामध्ये आहे. चार ओळी टाइप केल्या आणि यादी आली. पण ही तात्पुरती मलमपट्टी होती. कॉम्प्युटर बंद केला असता तर ग्रब पुन्हा सातचाच धोशा लावून बसला असता. म्हणून लिनक्समध्ये शिरून तिनं तो नव्यानं बसवला, यादी नव्यानं करवली आणि दोनदा बंद-चालू करून पाहिलं. दोन्ही वेळा यादी शहाण्यासारखी आली.

"वहिनी, चूक माझी होती," ती हळूच म्हणाली. "अपडेटबिपडेट काही नाही. काढायच्या आधी आकडे बघायला हवे होते."

"गणिताच्या बाईंनी," वहिनी म्हणाली. बस, एवढंच.

शिक्षा मात्र चुकली नाही. मशीननं अक्षरं कापली आणि त्यांच्या भोवतीचा नको तो स्टिकर चिमट्यानं सोलायचं काम नणंदेला मिळालं. 'दवाखाना' मधल्या 'व'च्या पोटातलं तेवढं काढ, वहिनी शेजारून सांगत होती, काना ठेव. तुला काढून टाकायची फार हौस. नणंद मान खाली घालून सोलत राहिली, आणि हसू दाबता दाबता तिचा एक काना वाकडा झालाच. तो नव्यानं कापावा लागला. चारला डॉक्टर आले, पाटी बघून खूश होऊन गेले.

संध्याकाळी दादा आला. शेजारच्या दुकानदाराकडून त्याच्या कानावर आलं होतं, की सकाळभर मशीन बंद होतं. काय झालं होतं, त्यानं बायकोला विचारलं.

नणंद उगाचच चिमटा पुसत बसली.

"डिस्कवरचा एक नंबर सरकला होता," वहिनी म्हणाली. "हिनं शोधून काढला आणि नीट केला."

दादानं कौतुकानं बहिणीच्या पाठीवर थाप मारली आणि हात धुवायला गेला. नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. एवढं चांगलं का बोललीस, असं तिनं कुजबुजत विचारलं.

"खरं सांगायला काय, कधीही सांगता येईल," वहिनी स्टिकरची कात्रणं आवरत म्हणाली. "राखून ठेवलंय, वन्सं."