गार तेलाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, बसच्या इंजिनात तेल किती आहे ते सांगणारी. हातभर लांब, बोटाहून बारीक, वर धरायला एक कडी आणि खाली दोन रेघा. आता मी मिस्त्रीकाकांच्या वर्कशॉपात खिळ्याला टांगलेली असते आणि येणारे-जाणारे मला बिनकामाची समजतात. समजू देत. मी पुष्कळ काम केलं आहे आणि त्यात एकदा चुकलेही आहे. ती चूकच तुम्हाला सांगायची आहे.

पोलादाच्या वेटोळ्यातून यंत्राने मला कापलं, सरळ केलं आणि माझ्यावर दोन रेघा उमटवल्या. वरची म्हणजे पुरे, खालची म्हणजे आणखी घाला. एवढंच माझं शिक्षण. मग एका लहान बसच्या इंजिनात, अंधाऱ्या नळीत माझी रवानगी झाली. उजेड दिसायचा दिवसातून एकदाच, सकाळी. बस चालवणारी ताई मला बाहेर ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची आणि डोळ्यांजवळ धरून बघायची. ही बस आधी तिचे वडील चालवत. इंजिन गार असताना तेल बघायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. "ही पट्टी खोटं बोलत नाही," असं ते म्हणत. ते ऐकून मला कोण अभिमान वाटायचा!

बसचा रस्ता मोठ्या चढाचा होता. वरच्या वस्तीतली मुलं, म्हातारी माणसं, भाजीची पोती सगळं तीच वाहून न्यायची. दुसरं वाहन वर जात नव्हतं. वडील गेल्यावर इंजिन एकदा जाम झालं आणि पूर्ण खोलावं लागलं. जोडून देताना मिस्त्रीकाकांनी ताईला बजावलं की, आतले भाग आता पुन्हा घासून नीट करता येणार नाहीत, हे इंजिन पुन्हा जाम झालं तर भंगारातच जाईल. ताईने बॉनेटवर नुसता हात ठेवला.

मिस्त्रीकाका म्हणजे ताईच्या वडिलांचे दोस्त. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. त्यांना सगळे अंगठेमिस्त्री म्हणत, कारण तेलाची पारख ते अंगठ्याने करत. थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीने चोळायचा आणि बोटं हळूच लांब करायची. मध्ये तेलाची तार टिकली तर तेल उत्तम, लगेच तुटली तर टाकाऊ. लांबलांबचे ड्रायव्हर त्यांना तेल दाखवायला येत. नव्याने जोडलेल्या इंजिनासाठी त्यांनी दोन तेलं पाहिली. एक वडील वापरायचे ते, सीलबंद डब्यातलं. दुसरं पिंपातलं सुटं. डब्यातल्याची तार चटकन तुटली, पिंपातल्याची मात्र लांबत गेली. डब्यातलं तेल म्हणजे पाणी आहे, असं सांगून काकांनी पिंपातलं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मला बाहेर काढलं. तेल वरच्या रेघेला टेकलेलं होतं आणि मधासारखं चिकटून राहिलं होतं. ताईचं समाधान झालं. खरं सांगते, माझंही झालं.

पण मित्रांनो, दिवसभर नळीत काय चालतं ते फक्त मलाच ठाऊक असतं. बस अर्धा चढ चढली आणि तेच तेल माझ्या अंगावरून पाण्यासारखं पळू लागलं. माथ्यावर पोचून इंजिन हळू झालं, तेव्हा तेलाचा दाब कमी पडल्याचं सांगणारा ताईसमोरचा लाल दिवा लुकलुकला. चार दिवसांनी तो लुकलुकायचा थांबेनाच. ताई वर्कशॉपात गेली. काकांनी ते तेल खाली काढून टाकलं आणि त्याहून दाट असं सुटं तेल घातलं. पुढच्या आठवड्यात इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला बोलता येत नाही, नुसतं दाखवता येतं. आणि ताई मला बघायची ती सकाळीच, सगळं गार असताना. रोज सकाळी मी इमानेइतबारे सांगत राहिले, पुरे आहे, पुरे आहे.

त्याच सुमारास काकांची भाची त्यांना भेटायला आली. ती इंजिनाच्या तेलाच्या कारखान्यात तेल तपासायचं काम करायची. वर्कशॉपात आलेल्या ताईच्या बसची टकटक ऐकून ती बॉनेटपाशी थांबली. तिने दोन सारखे रिकामे डबे मागितले आणि दोघांच्या तळाला एकाच बारीक खिळ्याने भोक पाडलं. एकात पिंपातलं तेल, दुसऱ्यात सीलबंद डब्यातलं. आधी गार तेल ओतलं, तेव्हा पिंपातलं कितीतरी सावकाश गळलं. काका मिशीत हसले. मग तिने दोन्ही तेलं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून चांगली तापवली आणि पुन्हा ओतली. या वेळी पिंपातलं तेल धार लागून आधी रिकामं झालं. डब्यातलं अजून गळतच होतं.

काकांनी पुन्हा करायला सांगितलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

भाची म्हणाली, "मामा, तुमचा अंगठा खोटा नाही. पण तो गार तेलाशीच बोलतो. दाटपणा कसाही आणता येतो, पाण्याला पीठ लावलं तरी ते दाट होतं. मुळातलं तेल किती चांगलं आहे, ते तापल्यावर कळतं. चांगलं असेल तर तापूनही फार पातळ होत नाही."

तुमच्या पुस्तकात या दाटपणाला श्यानता म्हणतात. मला तो शब्द तिच्याकडूनच कळला. तिने असंही सांगितलं की, हलक्या मूळ तेलात दाटपणासाठी मिसळलेलं औषध इंजिनात कुटलं जाऊन लवकर दुबळं होतं, आणि असं तेल जळून काजळीसारखा गाळही जास्त धरतं.

काकांनी अंगठा फडक्याला पुसला. मग उठले, बसखाली शिरले आणि तेल सोडून दिलं. इंजिन खालून उघडलं तेव्हा बेअरिंगं घासून तांबूस झाली होती, पण त्यांत फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा वाचला होता. आणखी आठवडाभर बस चालली असती तर तोही गेला असता. त्यांनी नवी बेअरिंगं बसवली, डब्यातलं तेल भरलं आणि ताईशेजारी जाऊन बसले. "चल," म्हणाले, "वरपर्यंत येतो."

माथ्यावर इंजिन हळू झालं. दोघंही दिव्याकडे बघत होते. दिवा लागला नाही. इंजिन बंद करून काकांनी मला ओढून काढलं आणि माझ्यावरचा गरम थेंब अंगठ्यावर घेतला. चटका बसला, तरी त्यांनी बोटं चोळली. तापलेलं तेल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच चोळून पाहिलं होतं. ते अजूनही बोटांत तार धरून होतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या बाबांचं इंजिन मीच मारत होतो."

ताईने त्यांचा अंगठा पाण्याच्या बाटलीखाली धरला. ती एवढंच म्हणाली, "काका, परतीला तुम्ही पुढेच बसा."

ते इंजिन पुढे पुष्कळ वर्षं चाललं आणि वय होऊनच थांबलं. तेव्हा काकांनी मला मागून घेतलं आणि इथे टांगलं. कुणी अंगठ्यावर तेल दाखवायला आलं की काका माझ्याकडे बोट करतात आणि आधी पातेलं चुलीवर ठेवतात.

मित्रांनो, तुमच्या घरची गाडी, ट्रॅक्टर, डिझेलचा पंप यांना तेल द्याल तेव्हा ते किती आहे ते मला विचारा. ते कसं आहे, हे मात्र मला सकाळी विचारू नका. मी वरच्या रेघेवर बोट ठेवीन आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल. आधी चढ चढून या, आणि मग विचारा.