हडपसरची तोफ, मुक्काम ब्राह्मणपुरी

मी तोफ बोलतेय. आधी माझा बावळटपणा सांगून टाकते. चाळिशी उलटली तरी मला वाटायचं, हडपसरची लढाई माझ्यामुळेच जिंकली गेली.

खरं तर मी विहिरीवरचा जुना लोखंडी पाइप. शहाद्याच्या वेल्डरने मला चाकं लावली, काळा रंग दिला आणि मी ब्राह्मणपुरीच्या शाळेत आले. दरवर्षी गॅदरिंगला एकदा लढते. माझ्या मागच्या भोकाला उदबत्ती लावतात, पडद्यामागे ढोल वाजतो, समोरचे मरतात. एरवी मी खिचडीच्या खोलीत गंजत बसते. तिथे गजराबाई स्वयंपाक करते. ती पातेल्यांशी बोलते, माझ्याशीही बोलते.

हेमकांत सर प्रत्येक तालमीला पोरांना समजावतात. "अठराशे दोन, दिवाळीचा दिवस. एकीकडे होळकर, दुसरीकडे शिंदे आणि पेशवे. सगळे आपलेच. होळकर जिंकले. पेशवे पळाले आणि वसईला जाऊन इंग्रजांशी तह करून बसले. आपसात भांडलो आणि बाहेरच्याला घरात घेतलं. सोळा वर्षांत राज्यच गेलं."

ऐकून मी छाती फुगवायची. काय फुगवायची, कुणास ठाऊक.

यंदा माझी गोलंदाज होती सातवीतली रुचिका. तिचे आजोबा दोधूआबा पपईच्या मळ्यात रानडुकरं हाकलायला पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार काढतात. नाटक सुरू होण्याआधी ते गुपचूप आले. माझ्या तोंडात खडे टाकले, पाणी ओतलं, वर चिंध्यांचा बोळा कोंबला.

"मन्ही नातनी तोफ शे," नातीच्या तोफेला थोपटत ते पुटपुटले. "आवाज त व्हवाले पायजे."

माझ्या पोटात गॅस चढायला लागला. गंजून माझी पाठ पापडासारखी झालेली. मी फुटले असते तर पत्रा सरळ मागच्या पोरीच्या डोळ्यांत. आयुष्यभर खरी तोफ व्हायचं होतं मला, आणि आता नुसता पाइप व्हावंसं वाटत होतं.

लढाई रंगात आली. रुचिका उदबत्ती घेऊन वाकली. तिची वेणी माझ्या पाठीवर टेकली. मला ओरडता येईना.

"हाऊ वास कशाना?"

गजराबाई होळकरांना बाजूला सारत थेट रणांगणात आली. तिने रुचिकाच्या हातातून उदबत्ती घेतली, पायाखाली विझवली, पोरीला धरून मागे ओढलं. मग खाली बसलेल्या दोधूआबांकडे पाहिलं.

"आबा, आठे कोठे डुकरं दिसनात तुमले?"

"जराखं टाकेल व्हतं," आबा म्हणाले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

माझा बोळा काढला, मला मैदानात ओढत नेलं. लढाई अर्धीच राहिली. होळकर आणि पेशवे एकाच बाकावर बसून चिवडा खायला लागले. मला वाटलं, हडपसरला त्या दिवशी अशी एखादी बाई मध्ये शिरली असती तर?

संध्याकाळी गजराबाई मला धुवायला आली. मी कण्हत म्हटलं, "बाई, मी आज खरीच उडणार होते."

ती घासत राहिली. "ऱ्हाऊ दे. आते तुन्हामा झाडू ठेवसू."