खाऱ्या पाण्याचा उपयोग

माझ्या नवऱ्याला, अतुलला, पन्नाशीत समुद्री मासे पाळायची हौस जडली. दर पंधरवड्याला टाकीतलं चाळीस लिटर खारं पाणी बदलायचं. ते नुसतं ओतून द्यायला माझं मन धजेना. तांदळाचं धुवणसुद्धा कुंड्यांना घालणारी बाई मी. शेवटी उपयोग सापडला. मागच्या गार्डनमध्ये फरश्यांच्या फटींत तण माजायचं. त्यावर दोन कॅन ओतले की आठवड्यात जळून जाई. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

उताराचा विचार मात्र केला नाही. कुंपणापलीकडे वैजयंतीकाकूंचं अळू होतं, काकांनी चिपळूणहून आणलेल्या कंदांचं. काका गेले, तरी काकू दर हिवाळ्यात ते कंद वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजमध्ये जपत आणि मे महिन्यात पुन्हा लावत. गौरीच्या जेवणाला इथल्या, लंडनच्या पिनरमधल्या दहा मराठी घरी त्यांचीच पानं जात. यंदा जुलैत ती कडेने करपायला लागली.

“माझा हातच गेला बघ,” काकू म्हणाल्या.

मला सगळं लख्ख कळलं, आणि मी म्हणाले, “यंदा ऊनच फार आहे, काकू.” म्हणताना लाज वाटली. तरी म्हणाले.

बघता बघता एकच रोप उरलं. ते त्यांनी कुंडीत हलवलं आणि रिकामा कॅन घेऊन माझ्या दारात आल्या. “अगं, फिशटँकचं पाणी झाडांना एकदम बेस्ट असतं म्हणे. यूट्यूबवर पाहिलं. थोडं देतेस?”

खारं आहे म्हटलं असतं, तर मग ते ओततेस कुठे, हा प्रश्न आलाच असता. मी किचनमध्ये जाऊन नळाचं पाणी भरून दिलं. रोप तरारलं. काकू महाराष्ट्र मंडळात माझं कौतुक करत फिरल्या आणि मी मान खाली घालून भजी तळत राहिले.

गेल्या शनिवारी मी बाजार करून आले, तर अतुल म्हणाला, “आत्ताच काकू येऊन गेल्या. टँकचं पाणी हवं होतं, दिलं भरून.”

पिशव्या टाकून मी धावले. काकू कुंडीपाशी वाकल्या होत्या.

“काकू, घालू नका! खारं आहे ते!”

कॅन त्यांच्या हातातच राहिला. “मग मागच्या वेळी दिलंस ते?”

“नळाचं होतं.”

“आणि कुंपणापाशी ओततेस ते?”

मी सांगितलं. फरश्या, तण, उतार, सगळं. वर बघायची हिंमत नव्हती. त्या चिडतील, चार शब्द सुनावतील, मग मला जरा हलकं वाटेल, अशी वेडी आशा धरून उभी होते.

काकू चिडल्या नाहीत.

“पाणी काय, चुकून गेलं असेल,” त्या म्हणाल्या. “पण तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी बाकीचे कंद वेळेत काढून घेतले असते गं.”