एकतिसावी कडी

मी साखळी आहे, दहा यार्डांची. दोन टोकांना दोन नारिंगी काठ्या, मध्ये मी. आमच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत माझ्या लांबीइतकं पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू मुकाट समोरच्यांच्या हवाली करायचा. मैदानावर हजारो माणसं ओरडतात. निकाल मी देते.

ओहायोतल्या एका शेडमध्ये माझ्या कड्या जोडल्या. कारागिरानं मला फळीवर ताणलं, मापलं, एक कडी काढली, पुन्हा मापलं आणि मान हलवली. लाड झाले नाहीत. आयोवातल्या या कॉलेजात आले तेव्हा माझ्याआधीची साखळी खिळ्याला टांगलेली होती. ओढून ओढून ती बोटभर लांबली, म्हणून काढलेली. आपण लांबायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

माझी माणसं गावातलीच. मागची काठी ड्वेन क्रॅट्झ धरायचा. त्याचं टायरचं दुकान. माझ्यावर चिमटा लावायचा त्याचा मेव्हणा व्हर्लिन हॉस्टेटलर. तो नळदुरुस्ती करतो. मागच्या काठीजवळ मैदानाची जी पांढरी रेघ येते, तिच्यावरच्या कडीत चिमटा लावतात. मग मला मैदानाच्या मधोमध नेलं, तरी चिमटा त्याच रेघेवर टेकवला की माप चुकत नाही. व्हर्लिन काठीपासून कड्या मोजायचा आणि आकडा पुटपुटायचा.

"मेव्हण्या, जप करतोयस का?" ड्वेन विचारायचा.

"तू काठी सरळ धर, दाजी. तुझ्यासारखीच वाकलीय."

साखळीवाल्यांनी ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही. दोघांनी हा नियम कायम पाळला.

त्या डिसेंबरात आमचं कॉलेज पहिल्यांदाच देशाच्या अंतिम स्पर्धेच्या बारा संघांत आलं. हरला तो घरी. जिंकत राहिला तो देशाचा विजेता. पहिला सामना आमच्याच मैदानावर. बर्फ पडत होता. संघाचा कणा होता बून टास्कर, गावचाच पोरगा. उन्हाळ्यात ड्वेनच्या दुकानात टायर बदलायचा. त्याचं खेळायचं हे शेवटचं वर्ष.

खेळ संपत आला होता. आम्ही तीन गुणांनी मागे. चौथा प्रयत्न. बून चेंडू घेऊन कडेनं सुटला. तिघांनी त्याला धडक दिली आणि तो सगळा ढीग कडेला उभ्या आमच्याच अंगावर आला. अशा वेळी काठी टाकून पळायचं असतं. माणसं पळाली. मी तुडवली गेले. चिमटा उडून बर्फात पडला.

पंचानं चेंडू ठेवला. पुरला की नाही, नजरेला कळेना.

"साखळी आणा," तो म्हणाला. मग त्यानं व्हर्लिनच्या मुठीतला ओला चिमटा पाहिला. "हा कुठल्या कडीत होता?"

टीव्हीवाल्यांची चित्रं तपासली. त्यांत नुसत्या पाठी दिसत होत्या.

"बत्तीस," ड्वेन म्हणाला.

"तुला विचारलं नाही. चिमटा कुणाचा?"

"माझा," व्हर्लिन म्हणाला.

ड्वेन त्याच्या कानाशी आला. "बत्तीस सांग. तुझी बहीण वर बसलीय. सगळं गाव बसलंय. पोराचं शेवटचं वर्ष आहे, व्हर्लिन."

बत्तिसावी कडी धरली असती तर माझं पुढचं टोक बोटभर मागे आलं असतं. चेंडू पुरला असता. चिमटा एकतिसाव्या कडीत होता. त्याचा दात मला तिथेच लागला होता. पण मला जीभ नाही.

व्हर्लिननं हातमोजा काढला. मागच्या काठीपासून उघड्या बोटांनी एकेक कडी सरकवत मोठ्यानं मोजायला लागला. ड्वेन त्याच्याकडे बघत राहिला. व्हर्लिन थांबला. चिमटा लावला.

"एकतीस."

मला आत नेलं. ताणलं. चेंडूचं नाक आणि काठी यांच्यात अर्ध्या बोटाची फट राहिली. पंचानं हात दुसऱ्या बाजूला केला: चेंडू समोरच्यांचा. आम्ही त्या तीन गुणांनीच हरलो.

दोघे एकाच ट्रकमधून आले होते. व्हर्लिन चालत घरी गेला. त्या हिवाळ्यात तो दिसला की माणसं अंगठा आणि बोट यांत फट धरून दाखवायची. कॅफेतल्या बाईनं त्याचा कप अर्धाच भरला. "बाकीची पुढच्या सामन्याला," ती म्हणाली. त्यानं तेवढी कॉफी प्यायली आणि पैसे पूर्ण दिले. हे मला ड्वेनच्या जागी आलेल्या माणसाकडून कळलं. ड्वेननं काठी पुन्हा धरली नाही.

आता कॉलेजात कॅमेरे मोजतात. मला शाळेला दिलं. व्हर्लिन माझ्याबरोबर आला. शाळेच्या पोरांना आता बून फुटबॉल शिकवतो. गेल्या शरदात पाहुण्या संघाचा प्रशिक्षक त्याच्यावर उखडला.

"साखळी तुमची, माणसं तुमची. हे कसलं माप?"

"चिमटा व्हर्लिनकाकांनी लावलाय," बून म्हणाला. "त्यांच्या हातून आमच्या गावाला अर्धं बोटही जास्त मिळत नाही. मला विचारा."

व्हर्लिननं वर पाहिलं नाही. तो कड्या मोजत होता.

माझ्यावर आता गंज चढतोय. एकच मागणं आहे. भंगारात घालायची तर सबंध घाला. तुकडे करून फाटकाला किंवा कुत्र्याला बांधू नका. मी दहा यार्ड आहे. दहाच राहू द्या.